सहा भोकांचा पुठ्ठा

कामिनी चुनीलाल पाटील हिच्याविषयी मी हे लिहिते आहे, आणि आधीच सांगून ठेवते की पंधरा वर्षं मी तिचा हेवा केला. अजूनही करते. वाचणाऱ्याने माझं लिहिणं तेवढ्या बेताने घ्यावं.

शहाद्यात प्रकाशा रोडला, टायरवाल्याच्या आणि खताच्या दुकानाच्या मधे तिचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, पुढे कडुनिंब, त्याखाली बाज. बाजेवर तिचे वडील चुनीलाल मिस्तरी बसलेले असतात. पाटीवर अजून त्यांचंच नाव आहे, पण नजर गेल्यापासून त्यांना माणसाचा नुसता आकार दिसतो. पंधरा वर्षं उघडपणे पाना धरते ती कामिनी. वय त्रेचाळीस, उंच, हाडकुळी. कामाला लागण्याआधी ती बांगड्या काढून स्टीलच्या पेल्यात टाकते, पेला देवाच्या फळीवर ठेवते, आणि मग तिच्याशी कोणी बोललेलं तिला खपत नाही. तिचे हात मी पुष्कळदा न्याहाळले आहेत. नखांत काळं, तळव्यांना घट्टे. माझे हात या वयातही मऊ आहेत. माझ्या नवऱ्याने कौतुक केलं ते मात्र तिच्या हातांचं.

माझे यजमान हिंमतराव साखर कारखान्यात केमिस्ट होते. तोंडाने मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही, पण डायरीत पहिल्यापासून नावानेच लिहीत आले; नुसतं ‘हे’ लिहिलं तर पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला काय कळणार? डायरी मी बाराव्या वर्षापासून लिहिते. नाशिकला नन्सच्या शाळेत बोर्डिंगला होते, तिथे सिस्टर ॲग्नेसने लावलेली सवय. उजव्या पानावर दिवसभरात घडलं ते लिहायचं. डावं पान कोरं ठेवायचं. पुढे कधी आपली चूक कळली तर ती तारीख घालून डाव्या पानावर लिहायची. उजव्या पानावर खाडाखोड करायची नाही.

आमची पांढरी गाडी मार्च अठ्ठ्याण्णवमधली. तिचा नंबर धुळ्याचा आहे, कारण ती घेतली तेव्हा नंदुरबार जिल्हा व्हायचा होता. रिटायर झाल्यावर हिंमतराव दर रविवारी सकाळी नऊला गॅरेजवर जायचे ते जेवायच्या वेळेला परतायचे, कधी त्यानंतरही. गाडीला काही झालेलं नसलं तरी जायचे. माझ्या डायऱ्यांत रविवारची पहिली ओळ ठरलेली आहे: ‘हिंमतराव गॅरेजला.’

लोकांना वाटेल तसला संशय मला कधी आला नाही. तो आला असता तर भांडता तरी आलं असतं. ती मुलगी त्यांना ‘नाना’ म्हणायची आणि तिच्या बापासमोर सगळं चालायचं. माझं दुखणं वेगळं होतं. घरी दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस तिथे तासन् तास बोलायचा, हे मला सहन होत नव्हतं.

कामिनी मूळची कळसाडीची. बापाची केळीची दोन एकर भावकीत वाटली गेली, म्हणून चुनीलालने शहाद्यात येऊन गॅरेज टाकलं. ती दहावीला इंग्रजीत नापास झाली. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. नवरा सुरतेला ट्रक चालवायचा आणि तिकडे त्याचं दुसरं घर होतं. दीड वर्षात ती परत आली, रडली नाही, आणि चौथ्या दिवशी बापाच्या शेजारी बसून कार्बोरेटर धुवायला लागली. पुढची कित्येक वर्षं गिऱ्हाईक तिला गाडीला हात लावू देत नसे. मग बापलेकीने युक्ती काढली. चुनीलाल बॉनेटखाली डोकं घालून खोकत उभा राहायचा आणि काम ती करायची. सगळ्यांना ठाऊक होतं, सगळे न पाहिल्यासारखं करत. ‘माझी गाडी कामिनीने उघडायची, मिस्तरी, तुम्ही बाजेवर बसा’ असं पहिल्यांदा बोलले ते हिंमतराव. हे मला त्यांनी सांगितलं नाही. खतवाल्याच्या बायकोकडून कळलं.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक घेऊन ते दर रविवारी तिला एकेक पान वाचून अहिराणीत समजावायचे. नन्सनी शिकवलेली बायको घरात बसलेली! माझं इंग्रजी त्यांच्यापेक्षा चांगलं होतं. आयुष्यात एकदाही त्यांनी ‘हे एवढं वाचून दाखव’ असं मला म्हटलं नाही. माझी जुनी पातळंसुद्धा गॅरेजला गेली. चुनीलालच्या गॅरेजचा एक दंडक आहे: इंजिनला कापूस लावायचा नाही. आमच्या भागात घरोघरी कापूस, त्यामुळे शेतकऱ्याचा हात पुसायला आधी तिकडेच जातो. त्याचे तंतू इंजिनात चिकटतात, झाकणाखालच्या रबरी पट्टीच्या म्हणजे पॅकिंगच्या खाली अडकतात, तेलाच्या वाटा बंद करतात. म्हणून तिथे धुतलेल्या पातळांचे तुकडे वापरतात. एकदा मी गॅरेजसमोरून रिक्षाने जाताना माझ्या आंबा रंगाच्या पातळाने कामिनी कपाळ पुसताना दिसली. त्या दिवशी उजव्या पानावर मी एवढंच लिहिलं: ‘आंबा रंगाचं पातळ सापडलं.’

गेल्या वर्षी मे महिन्यात मी बोलूनही दाखवलं. म्हटलं, “तिला सगळं शिकवलंत. मला कधी बॉनेटच्या आत काय असतं तेसुद्धा दाखवलं नाहीत.”

ते हसले. “तुला त्यात गोडी असेल असं वाटलं नाही. दाखवीन.”

जूनपासून ते अंथरुणाला खिळले आणि ते राहूनच गेलं, असं मी धरून चालले. तीन ऑक्टोबरला सकाळी मी त्यांना पेज भरवत होते तेव्हा म्हणाले, “गाडी कामिनीला देऊन टाक. तिला पान्यांच्या बॅगा घेऊन एसटीने गावोगाव ट्रॅक्टर दुरुस्तीला जावं लागतं.” अकरा तारखेला ते गेले.

ते हे बोलले तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. हे वाक्य ऐकलं फक्त मी, आणि लिहिलं गेलं फक्त माझ्या डायरीत. कामिनीला ते माहीत नव्हतं. मी ते कोणाला सांगितलं नाही. पण मी लिहून ठेवलेलं नाकारू शकत नाही. नाकारता आलं असतं तर डायरी कशाला लिहिली असती? म्हणून मी वाट पाहत राहिले. कामिनीच्या हातून काहीतरी चुकावं, ते मला दिसावं, आणि ‘तिच्या हाती गाडी द्यावी अशा लायकीची ती नव्हती’ असं स्वच्छ मनाने लिहिता यावं, याची.

जानेवारीत ती वेळ आली. माझा पुतण्या अमृत कोरीटला शेती बघतो. तो आमच्या गाडीतून मला तिकडून शहाद्याला घेऊन येत होता. तापीचा पूल ओलांडल्यावर त्याने नाक फेंदारलं.

“काकू, काहीतरी जळी ऱ्हायनं.”

बॉनेट उघडलं तर इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या कडेने तेल पाझरून खालच्या तापलेल्या नळीवर ठिबकत होतं. त्या झाकणाला गॅरेजवाले टॅपेट कव्हर म्हणतात. गेल्या फेब्रुवारीत ते झाकण कामिनीनेच उघडून नवं पॅकिंग घालून बसवलं होतं. तारीख माझ्याकडे होती. मला लपवता येणार नाही असा आनंद झाला.

गॅरेजवर पोचलो तेव्हा कामिनी एका ट्रॅक्टरखालून बाहेर आली. ट्रॅक्टरचा मालक करणसिंग बाजेच्या टोकाला बसून चहा पीत होता. इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही म्हणून तिने आम्हाला दीड तास बसवून ठेवलं. तेवढ्यात ती जेवून आली आणि पेल्यात पुन्हा बांगड्या वाजल्या. मी खुर्ची ओढून थेट गाडीपुढे बसले.

“माई, तेल उडेल लुगड्यावर,” ती म्हणाली. माझ्याशी बोलताना ती शाळेतली मराठी वापरते.

“उडू दे. मला बघायचंय.”

तिने वरचा हवेच्या फिल्टरचा डबा काढला, नळी सोडवली. प्लगच्या वायरी उपसण्याआधी प्रत्येकीला दोरा बांधला: एक गाठ, दोन गाठी, तीन. मग भिंतीवरच्या खिळ्याचा पुठ्ठा उतरवला. त्यावर झाकणाचा आकार काढून सहा भोकं पाडली होती; जो बोल्ट जिथून निघेल तो त्याच भोकात खोचायचा, म्हणजे परत आपापल्या जागी जातो. दोन लांब असतात, चार आखूड. पुठ्ठा माझ्या मांडीजवळच ठेवला तिने, आणि मी त्यावरचं हिंमतरावांचं अक्षर ओळखलं. एक ते सहा आकडे, खाली तारीख आणि ‘हि. पाटील’; आडनाव आमचंही पाटीलच. पुठ्ठा होता माझ्या एका साडीच्या खोक्याचा. मला या माणसाने उभ्या जन्मात एक चिठ्ठी लिहिली नव्हती.

तिने दहा नंबरचा पाना पहिल्या बोल्टला लावला आणि थांबली. पुन्हा लावला, खांद्याचा जोर दिला. बोल्ट कुरकुरला.

बाजेवरून चुनीलाल म्हणाला, “पोरगी, आवाज देख. बोल्ट रडी ऱ्हायना.”

तिचा चेहरा बदललेला मी पाहिला, आणि मनात म्हटलं, घाबरली. कडेचे बोल्ट आधी, प्रत्येकाला अर्धा अर्धा फेरा, मग मधले, असे सहाही तिने सोडवून पुठ्ठ्यात लावले. झाकणाला तळहाताने दोन चापट्या मारल्या आणि ते सरळ वर उचललं. आत काळ्या तेलात न्हालेली एक दांडी आणि तिच्यावर ओळीने बसलेले लोखंडी कान. खरं सांगते, सुंदर होतं. पण मी बघत होते ते पॅकिंगकडे. एका कोपऱ्यात ते दबून फाटलं होतं, आणि फटीत तेलाने भिजलेला कापसाचा पुंजका होता. बोटभर.

करणसिंगाने मान लांब केली. “काय कामिनीबेन, तुन्हा गॅरेजमाबी कापूस पिकस का?”

“काय?” चुनीलाल उठून उभाच राहिला. “कापूस? मन्हा गॅरेजमा? कोन्ही लावा?”

कामिनीने तो पुंजका चिमटीत धरला. माझ्याकडे बघितलं, मग झाकणाकडे. आणि म्हणाली, “माझीच चूक झाली, माई. घाईत राहिला असेल.”

“घाईमा?” चुनीलाल ओरडला. “तीस वरीस मी सांगी ऱ्हायनू, कापूस नको, कापूस नको! नानासाहेबनी गाडीमा कापूस!”

“हो बापू. चूक मन्ही शे. बठा तुम्ही.”

करणसिंग चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, “मंग मन्हा ट्रॅक्टरबी एकदाव उघडी देख, बेन. सरकी सापडी त्यामा.” तो आपल्या विनोदावर खूप हसला. ती हसली नाही. पॅकिंग धुळ्याहून यायचं होतं, म्हणून तिने झाकण नुसतं टेकवून ठेवलं, बोल्ट बोटाने दोन फेरे फिरवले आणि म्हणाली, उद्या दुपारी या. पुंजका तिने टाकला नाही. कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

मी अमृतबरोबर घरी आले ती जवळजवळ गुणगुणत. पदर खोचून टेबलाशी बसले. ‘कामिनीच्या हातून गाडीत कापूस राहिला. तिने चौघांसमोर कबूल केलं.’ एवढं लिहून झाल्यावर गाडीचा प्रश्न मिटणार होता. पण कारण लिहायचं तर तारखा पाहिजेत, म्हणून गेल्या वर्षाची डायरी काढली. फेब्रुवारीतली नोंद सापडली. त्यानंतर गाडी कोणी उघडली नाही ना, याची खात्री करावी म्हणून पानं उलटत गेले. मार्च, एप्रिल. अठरा मेचं पान आलं.

तो दिवस लोणच्याचा होता. उजव्या पानावर अकरा ओळी कैऱ्यांच्या: किती किलो, मोहरी कोणाकडून, बरणीला धुरी दिली की नाही. आणि सर्वांत खाली, जागा उरली म्हणून घातल्यासारखी एक ओळ:

‘हिंमतराव दुपारी अंगणात गाडीचं काहीतरी उघडून बसले. मला दोनदा हाक मारली. हात तिखटाचे, गेले नाही. पुसायला कापूस मागितला, वातीच्या डब्यातला दिला.’

मी ती ओळ पुन्हा वाचली. वातीचा डबा फडताळात समोरच होता. कोरीटच्या शेतातला कापूस, सरकी काढून मीच पिंजून ठेवते.

हात तिखटाचे होते हे खरं. पण तिखटाचे हात धुता येतात. गेले नाही ते मला आठवलं: ‘आता बरी माझी आठवण झाली’ असं मनाशी म्हणून, मुद्दाम, कैरी फोडत बसले होते. त्यांनी मला दाखवायलाच ते झाकण उघडलं होतं. मी येत नाही असं बघून पुसलं, पुन्हा बसवलं, आणि म्हाताऱ्या हाताने सगळे बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले.

मग दुसरी गोष्ट ध्यानात आली आणि ती अधिक बोचली. पहिल्या बोल्टला पाना लावताक्षणी कामिनीला ते कळलं होतं. तिचा चेहरा भीतीने बदलला नव्हता. तिने त्यांचा हात ओळखला होता, बोल्टवरून! आणि करणसिंगासमोर, बापासमोर नानांचं हसं होऊ नये म्हणून चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती. पन्नास वर्षं त्यांच्या ताटात वाढणाऱ्या मला कापूस बघून काही कळलं नाही. तो माझ्या घरचा होता तरी. गेलेल्या माणसाची अब्रू राखायचं कामसुद्धा तिने माझ्याआधी केलं. त्या क्षणाइतका तिचा हेवा मला कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डायरी पिशवीत घालून रिक्षाने एकटीच गेले. करणसिंग नव्हता. चुनीलालला मी बाजेवर बसवलं आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “मिस्तरी, कापूस तुमच्या गॅरेजचा नव्हता. माझ्या घरचा होता. मी दिला, यांनी लावला. पोरीला बोल लावू नका.”

“तरीच,” म्हातारा म्हणाला. “मी तिले रातभर जेवू नई दिधं.” आणि कामिनीच्या आकाराकडे बघून, “मंग बोलनी कसाले नई तू?”

कामिनीने खाली बघितलं. “नाना नेहमीच जास्त आवळायचे, माई. मी सांगायची, बोटाने समजून घ्या, जोराने नको. ऐकायचे नाहीत.”

“घरीही ऐकायचे नाहीत,” मी म्हणाले. आम्ही दोघी हसलो. तिचं हसू आधी थांबलं.

मग मी तीन ऑक्टोबरचं पान उघडून तिच्यापुढे धरलं. ती ओळ तिने बोट फिरवत वाचली. पातळाच्या तुकड्याने हात पुसत राहिली, पुसून झाले तरी.

“तीन महिने झाले याला,” मी म्हटलं. “मी सांगितलं नाही. सांगायचं मनात नव्हतं. गाडी तुझी आहे. पण आधी मला दाखव.”

“काय, माई?”

“ते मला दोनदा हाक मारून जे दाखवणार होते ते.”

तिने पेला माझ्यापुढे केला. माझ्या हातात एकच सोन्याची बांगडी असते. ती निघता निघेना, शेवटी तिने ग्रीस लावून काढली. बोल्ट बोटानेच सुटले. लांब कुठला, आखूड कुठला, मी पुठ्ठ्यावरच्या आकड्यांनी लावत गेले. झाकण मी उचललं. वाटलं त्याहून हलकं होतं. तिने प्रत्येक कानाचं काम सांगितलं, कुठला उघडतो, कुठला मिटतो, तेल कुठून चढतं. ती त्यांच्याच शब्दांत सांगत होती, हे मला ओळखू आलं. कडा पुसायला तिने दिलेला तुकडा आंबा रंगाचा होता. नवं पॅकिंग बसलं. बोल्ट आधी मधले, मग कडेचे, समोरासमोर, थोडे थोडे आवळले. शेवटच्या फेऱ्याला तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. “बस. इथेच थांबायचं.”

गाडी सुरू केली. वास नव्हता.

“आता मला एक हवंय,” मी म्हणाले. “तो पुठ्ठा.”

तिचा चेहरा असा पडला की काय सांगू. गाडी मिळाली तेव्हा बोलता न आलेली बाई एकदम बोलायला लागली. “तो रोज लागतो, माई. त्याच्यावर नानांचं... दुसरं काही मागा. पुस्तक घ्या ना, इंग्रजी. पुस्तक तुमचंच आहे.”

“पुस्तक मला वाचता येतं. पुठ्ठा दे.”

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला काय होत होतं ते मला नेमकं कळत होतं. ते दुखणं माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मला बरं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण घडलं तसं लिहायचं.

शेवटी तिने बिस्किटांचं खोकं फाडलं, त्यावर जुना पुठ्ठा ठेवला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. आकार मी गिरवला. भोकं तिने पाडली. आकडे मी घातले, नन्सनी शिकवलेल्या वळणाचे, सुबक. खाली तारीख घातली. नाव घातलं नाही. तिने तो खिळ्याला अडकवून मागे सरकून बघितलं, आणि म्हणाली, “अक्षर छान आहे, माई.” मनापासून म्हणाली नसावी.

गाडी आता गॅरेजपुढे उभी असते, किंवा तिच्यात बॅगा घालून ती कळसाडीकडे, प्रकाशाकडे गेलेली असते. जुना पुठ्ठा गेल्या वर्षाच्या डायरीत अठरा मेच्या पानाशी ठेवला आहे. तो डायरीपेक्षा मोठा असल्याने बाहेर येतो. त्या दिवशीच्या डाव्या पानावर मी लिहिलं आहे: ‘हात धुऊन जायला हवं होतं.’

या रविवारी सकाळी नऊला मी गॅरेजला गेले होते. ते उजव्या पानावर आहे.